पोत्यात हात घालताना
(बातमीतले आकडे वाचणाऱ्यांसाठी केलेल्या पुस्तिकेची प्रस्तावना)

कोरीट परिसरातली मिरची नंदुरबारच्या बाजारात जाते, पण बाजाराची बातमी बहुतेक वेळा मिरची निघण्याआधीच गावात येऊन बसलेली असते. ‘लाल मिरचीला विक्रमी भाव’ असं वाचून माणूस गाडी भरतो, पहाटे निघतो, आणि दुपारी हातात पडलेली हिशोबपट्टी पाहून त्याला वाटतं, आपल्याला लुबाडलं. लुबाडलं असेलही. पण पुष्कळदा बातमीतला भाव खरा असतो आणि पट्टीवरचा भावही खराच असतो. बाजार समितीच्या तक्त्यात रोज तीन दर लिहिलेले असतात: किमान, कमाल आणि सर्वसाधारण. मथळ्याचा जीव कमाल दरावर. समजा, एका दिवशी पाचशे क्विंटल ओली मिरची आली. त्यातली दहा क्विंटल निवडक, एकसारख्या रंगाची. ती नऊ हजारांनी गेली. उरलेली चारशे नव्वद चार ते पाच हजारांच्या दरम्यान विकली गेली. ‘मिरची नऊ हजारांवर’ हे वाक्य कुठल्याही कोर्टात टिकेल. ते पाचशेतल्या दहा क्विंटलांबद्दल आहे, एवढं मात्र ते सांगत नाही.

गंमत अशी की ज्या बाजारातून ही बातमी निघते, त्याच बाजारात तिच्यावरचा उतारा रोज वापरला जातो. मिरची घेणारा व्यापारी पोत्याच्या तोंडाशी दिसणाऱ्या मिरच्यांकडे बघतही नाही. तो कोपरापर्यंत हात खुपसतो, मधल्या नि तळाकडच्या मिरच्या मुठीत घेऊन वर काढतो, आणि एवढ्यावर न थांबता दुसऱ्या पोत्याकडे वळतो. शितावरून भाताची परीक्षा होते, कारण भात उकळताना भांड्यात खालीवर झालेला असतो. पोतं कुणी ढवळलेलं नसतं. भरणाऱ्याने चांगला माल वर ठेवलेला असतो. नमुना कुठून घेतला, किती घेतला आणि तो निवडला कोणी, हे तीन प्रश्न त्या व्यापाऱ्याच्या हाताला पाठ आहेत. सांख्यिकी नावाच्या शास्त्राचा निम्मा भाग या तीन प्रश्नांत येतो. तोच माणूस संध्याकाळी वर्तमानपत्र उघडतो आणि पोत्याच्या तोंडावरची मिरची पाहून सौदा करतो, याचं मला वर्षानुवर्षं नवल वाटत आलं आहे.

आपल्या अभिमानाच्या बातम्यांनाही हे प्रश्न विचारायला हरकत नाही. गुंटूरच्या खालोखाल नंदुरबारची मिरची बाजारपेठ, दुसरा क्रमांक, असं आपण लहानपणापासून ऐकतो. कशात दुसरा? आवकेत, उलाढालीत, की पथारीवर वाळवल्या जाणाऱ्या मिरचीत? कुठल्या वर्षी? वर्षाला आवक दुप्पट होते नि निम्मीही होते. तरी क्रमांक मात्र दगडावर कोरलेला. मी स्वतः हे वाक्य भाषणांत वापरलेलं आहे, म्हणून इथे फार खोलात जात नाही.

मिरचीपेक्षा कितीतरी जड आकडा आपल्या जिल्ह्याच्या गळ्यात बांधलेला आहे, तो कुपोषणाचा. या विषयावर पुस्तिकेतली सर्वांत जास्त पानं खर्च झाली आहेत, आणि ते योग्यच आहे. नंदुरबारची बातमी राज्यभर छापली जाते ती एकतर सारंगखेड्याच्या घोडेबाजाराची, नाहीतर कुपोषित बालकांची.

‘जिल्ह्यात कुपोषित बालकांची संख्या वाढली’ अशी बातमी येते. वाचणारा हळहळतो, विरोधक निवेदन देतात. पण हा आकडा जन्माला कसा येतो ते पाहा. अंगणवाडी सेविका बालकांची वजनं घेते, उंची मोजते, दंडाचा घेर पाहते. सॅम आणि मॅम, म्हणजे अतितीव्र आणि मध्यम कुपोषित, अशी वर्गवारी होते. केंद्राकडून प्रकल्पाकडे, प्रकल्पाकडून जिल्हा परिषदेकडे आकडे चढत जातात. म्हणजे बातमीतली संख्या ही मोजलेल्या मुलांमधली सापडलेली मुलं आहेत. आता एखाद्या महिन्यात धडक शोधमोहीम निघाली, पथकं पाड्यापाड्यांवर गेली, एरवी अंगणवाडीत न येणारी मुलंही काट्यावर उभी राहिली, तर आकडा फुगणारच. त्या महिन्यात मुलं अधिक उपाशी झाली असं त्यातून सिद्ध होत नाही; यंत्रणा अधिक जागी झाली एवढं नक्की. उलट एखाद्या महिन्यात आकडा झपकन खाली आला, तर अभिनंदनाचा फलक लावण्यापूर्वी विचारायला हवं, या महिन्यात किती मुलांचं वजन झालं?

हा प्रश्न आपल्याकडे विशेष बोचरा आहे, कारण आपल्याकडे मुलं गावात असतातच असं नाही. दिवाळीनंतर कुटुंबंच्या कुटुंबं गुजरातेत ऊसतोडीला, वीटभट्टीला, मिळेल त्या मजुरीला जातात. आईबापांबरोबर धाकटी मुलंही जातात. अंगणवाडीच्या काट्यासमोर मग कोण उरतं? ज्यांच्या घरी चार महिने पुरेल एवढं धान्य आहे, शेताला पाणी आहे, ज्यांना जावं लागलं नाही, त्यांची मुलं. जी गेली त्यांत हडकुळी मुलं जास्त असण्याचा संभव मोठा. म्हणजे सर्वांत गरजू मुलं वजा झाल्यामुळेच टक्केवारी सुधारू शकते. इथे सेविकेने खोटं लिहिलेलं नाही, अधिकाऱ्याने लपवलेलं नाही, वार्ताहराने वाढवलेलं नाही. प्रत्येकाने आपलं काम चोख केलं आणि तरी बातमी चुकीची झाली. आकड्यांतली अशी चूक पकडायला रागाचा उपयोग होत नाही. ज्यांना मोजलं नाही ते कुठे आहेत, एवढंच शोधत बसावं लागतं.

अंगणवाडीच्या आकड्याशी राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचा आकडा जुळत नाही म्हणून दरवेळी वाद होतो. दोन्हींची जात वेगळी आहे. पाहणी मुंबईतल्या देवनारच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेच्या देखरेखीखाली होते. ती सगळी घरं मोजत नाही, निवडलेली मोजते. महाराष्ट्रात पाच वर्षांखालच्या बालकांत वयाच्या मानाने कमी वजनाची बालकं २०१५-१६च्या पाहणीत ३६.० टक्के होती, २०१९-२१च्या पाहणीत ३६.१ टक्के. ‘राज्यात कुपोषण वाढले’ असा मथळा यावर बांधता येतो. पण ही एक दशांश टक्क्याची वाढ म्हणजे फुगलेल्या तापीकाठी उभं राहून पाणी एक बोट वाढल्याचं सांगण्यासारखं आहे. लाटच हातभर खालीवर होते आहे.

ही लाट किती मोठी, हे काढायची एक ओबडधोबड रीत पुस्तिकेत दिली आहे आणि ती पाठ करण्यासारखी आहे. जितक्यांना विचारलं त्या संख्येचं वर्गमूळ काढा आणि शंभराला त्याने भागा. चारशे मुलं मोजली तर वर्गमूळ वीस, म्हणजे आकडा पाच टक्के इकडे की तिकडे. शंभरच मोजली तर दहा टक्के. महाराष्ट्रात २०१९-२१च्या पाहणीत ३१ हजारांहून अधिक घरं होती; ती ३६ जिल्ह्यांत वाटली तर एकेका वाट्याला नऊशेसुद्धा येत नाहीत, आणि पाच वर्षांखालचं मूल प्रत्येक घरात नसतं. त्यामुळे जिल्ह्याचा आकडा दोन पाहण्यांत दोन टक्क्यांनी हलला, तर तो सुधारला म्हणून पेढे वाटू नयेत आणि बिघडला म्हणून बोंबही मारू नये.

हीच रीत दुसऱ्या बाजूनेही चालवून पाहिली पाहिजे, आणि इथे बरेच सुशिक्षित वाचक घसरतात. नंदुरबार जिल्ह्यात निम्म्याहून अधिक बालकं वयाच्या मानाने कमी वजनाची आहेत, असं या दोन्ही पाहण्या सांगतात. राज्याच्या ३६ टक्क्यांशी त्याची तुलना करा. इथे लाटेचे पाच टक्के इकडे तिकडे केले तरी दरी बुजत नाही. शिवाय कमी वजनाची रेषा जागतिक आरोग्य संघटनेच्या मापदंडावर अशी आखलेली आहे की खाऊनपिऊन सुखी असलेल्या समाजातही शंभरात दोनेक मुलं तिच्या खाली येतात. दोन कुठे आणि पन्नास कुठे! ‘सगळे आकडे खोटेच असतात’ असं म्हणत मान उडवणारा माणूस मला आकड्यांवर डोळे मिटून विश्वास ठेवणाऱ्याइतकाच भाबडा वाटतो. दोघांनीही पोत्यात हात घालायचा कंटाळा केलेला असतो.

जिल्ह्याची सरासरी हेही तसं फसवं प्रकरण. शहादा-तळोद्याची केळी-ऊस पिकवणारी सपाटी आणि धडगाव-अक्कलकुव्याचे सातपुड्यातले डोंगर एकाच बेरजेत घालून जो आकडा येतो, तो त्यांतल्या कुठल्याच गावाचा नसतो. कोरीटचा तर नसतोच. पण म्हणून प्रत्येक गावाचा वेगळा आकडा काढावा, तर दुसरा खड्डा तयार असतो.

त्या खड्ड्यात २०१९च्या जुलैमध्ये साऱ्या देशातली वर्तमानपत्रं एकदम पडली होती. उत्तराखंडातल्या उत्तरकाशी जिल्ह्यातल्या १३२ गावांत तीन महिन्यांत एकही मुलगी जन्मली नाही, जन्मले ते २१६ मुलगेच, अशी ती बातमी. स्त्रीभ्रूणहत्येचा एवढा धडधडीत पुरावा दुसरा कुठला? चौकश्या लागल्या, अग्रलेख लिहिले गेले. नंतर पूर्ण तक्ता पुढे आला तेव्हा दिसलं की त्याच जिल्ह्यात त्याच तीन महिन्यांत १२९ गावं अशी होती जिथे १८० मुली जन्मल्या आणि मुलगा एकही नाही. भागाकार करा: १३२ गावांत २१६ जन्म, म्हणजे गावामागे दोनसुद्धा नाहीत. दोन बाळंतपणांत दोन्ही मुलगे होणं हे चार गावांतल्या एका गावात निव्वळ योगायोगाने घडतं, आणि जिथे एकच बाळंतपण झालं तिथे निम्म्या वेळा. शेकडो गावांची यादी समोर ठेवून त्यातली मुलगेवाली गावं वेगळी काढली तर ती शंभराच्या वर भरणारच. आपल्याकडचे पाडे तर त्याहून लहान. ‘या पाड्यात वर्षात एकही बालमृत्यू नाही’ आणि ‘या पाड्यात बालमृत्यूचा दर राज्याच्या पाचपट’ या दोन्ही बातम्या एकाच पाड्याच्या, लागोपाठच्या दोन वर्षांच्या असू शकतात. मधे फक्त एक मूल गेलेलं असतं. महाराष्ट्रात मुलींची संख्या घटवली गेली हे जनगणनेने लाखोंच्या मोजणीतून दाखवलेलं सत्य आहे. ते पटवायला उत्तरकाशीसारख्या आधारांची गरज नव्हती, आणि असा आधार कोसळला की खऱ्या गोष्टीवरचाही लोकांचा विश्वास जातो, हे त्यातलं खरं नुकसान.

या सगळ्या विचाराला मराठी माणसाचं एक घराणं आहे, ते इथे नोंदवायला हवं. पांडुरंग वासुदेव सुखात्मे १९११ साली सातारा जिल्ह्यातल्या बुध गावी जन्मले, फर्ग्युसनमध्ये शिकले, लंडनला जाऊन संख्याशास्त्राचे पंडित झाले आणि परत येऊन शेतात उतरले. पीक किती आलं हे ठरवण्यासाठी शेतातला एक तुकडा आखून तेवढंच पीक कापायचं, मळायचं, तोलायचं, याला आपण पीक कापणी प्रयोग म्हणतो. उत्पादन घटल्याची, विमा मिळाल्याची किंवा नाकारल्याची जी बातमी आपण वाचतो तिच्या तळाशी हा तुकडा असतो. तुकडा केवढा घ्यावा यावर सुखात्मे आणि संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्यात १९४०च्या दशकात मोठा वाद झाला. महालनोबिसांचा कल लहान तुकड्यांकडे होता. काम स्वस्त होतं, तुकडे जास्त घेता येतात. सुखात्म्यांनी प्रयोगातून दाखवलं की तुकडा फार लहान केला की उत्पादन फुगून येतं. का? दोरीवर उभं असलेलं रोप आत धरायचं की बाहेर, हा निर्णय कापणाऱ्याला पुन्हापुन्हा घ्यावा लागतो, आणि डोलणारं कणीस डोळ्यांसमोर असताना हात ते रोप आत ओढतो. तुकडा जितका लहान तितका काठ जास्त, आणि काठ जास्त तितकी ओढाताण जास्त. यात अप्रामाणिकपणाचा लवलेश नाही. मला ही गोष्ट फार आवडते, कारण बातमी लिहिणाराही दिवसभर असाच काठावरची रोपं आत ओढत असतो, आणि वाचणारेही.

पुढे सुखात्मे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत रोमला संख्याशास्त्र विभागाचे प्रमुख झाले. जगातली दोन तृतीयांश माणसं उपासमारीत आणि कुपोषणात जगतात, असं त्याच संघटनेचे पहिले महासंचालक बॉइड ऑर यांनी म्हटलेलं होतं आणि ते वाक्य जगभर छापलं जात होतं. १९६१ साली सुखात्म्यांनी हिशेब मांडला: पोटभर उष्मांक न मिळणारे शंभरात दहा ते पंधरा, निकस आहाराचे धरले तर निम्म्यापर्यंत. आपल्याच संघटनेच्या गाजलेल्या आकड्याला त्यांनी असं तासून घेतलं. भूक कमी करून दाखवायचा त्यांचा हेतू होता असा आरोप झाला, आणि पुढे भारतातल्या दारिद्र्यरेषेवर अर्थशास्त्रज्ञ वि. म. दांडेकरांशी त्यांचं जे वाजलं त्यातही तोच सूर निघाला. त्या वादात मला दांडेकरांची बाजू जास्त जवळची वाटते. पण ‘उपाशी’ आणि ‘निकस खाणारा’ यांना एका पोत्यात भरू नका, कारण दोघांचं औषध वेगळं, हे सुखात्म्यांचं म्हणणं आजही कुपोषणाच्या प्रत्येक बातमीला लागू आहे.

आता आपल्याच जिल्ह्यातली एक जुनी आठवण. १८ फेब्रुवारी २००६ रोजी नवापूरच्या कोंबड्यांत एच५एन१ हा बर्ड फ्लूचा विषाणू असल्याचं जाहीर झालं. देशातला तो पहिला प्रादुर्भाव. नवापूर एका दिवसात जगाच्या नकाशावर आलं. लाखो कोंबड्या मारून पुरल्या गेल्या, आणि देशभर लोकांनी चिकन-अंडी खाणं सोडलं, भाव कोसळले, ज्यांच्या गावात एकही कोंबडी आजारी नव्हती तेही शेतकरी बुडाले. त्या साथीत भारतात माणसाला लागण झाल्याचं एकाही प्रकरणात सिद्ध झालं नाही. तरी कोंबड्या मारणं बरोबर होतं, कारण कळपातून कळपात रोग झपाट्याने जातो. बातमीत दोन वेगळे धोके एकत्र शिजले होते: कोंबडीला कोंबडीपासून असलेला, आणि नीट शिजवून खाणाऱ्याला ताटापासून असलेला. पहिला प्रचंड होता, दुसरा नगण्य. ‘धोका वाढला’ असं वाक्य दिसलं की कोणाला, कशापासून आणि आधी तो किती होता, हे विचारायला पुस्तिकेत नवापूरचं उदाहरण म्हणूनच घेतलं आहे.

शेवटचं उदाहरण पुस्तिकेत असावं की नसावं यावर आम्ही बराच वेळ बोललो. साक्री तालुक्यातलं राईनपाडा इथून लांब नाही. १ जुलै २०१८, रविवार, आठवडे बाजाराचा दिवस. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच भिक्षेकरी, मुलं पळवणारे समजून, जमावाने ठेचून मारले. त्याआधी कित्येक दिवस व्हॉट्सॲपवर मुलं पळवणाऱ्या टोळीचे निरोप फिरत होते. त्या वर्षी देशभर पसरलेल्या अशा चित्रफितींतली एक तर कराचीत मुलांच्या सुरक्षिततेसाठी केलेली जाहिरात होती. मूल परत आणून सोडल्याचा तिचा शेवट कुणीतरी कापून टाकला होता.

हे बातमीच्या पुस्तिकेत का, तर यातली चूक हिशेबाचीही आहे. दहा जणांनी सांगितलं म्हणजे दहा पुरावे, असं आपल्या मनाला वाटतं. दहा जणांनी आपापल्या डोळ्यांनी वेगवेगळं पाहिलं असेल तर ते दहा. दहाही जणांनी एकच निरोप पुढे ढकलला असेल तर तो एकच पुरावा आहे, आणि त्याचाही शेवट कापलेला असू शकतो. दुसरं असं की बाजाराच्या दिवशी अनोळखी चेहरा दिसणं ही इतकी रोजची गोष्ट आहे की तिच्यावरून काहीच सिद्ध होत नाही. भिक्षुकी करणारे, भांडी विकणारे, जडीबुटीवाले पिढ्यान्‌पिढ्या असेच येत आले आहेत. हा हिशेब त्या दिवशी कुणी मोठ्याने केला असता तर ऐकला गेला असता का, याबद्दल मला खात्री नाही. जमाव जमल्यावर भागाकार सुचत नाही. तो आधी, निवांतपणी, मिरचीच्या भावावर आणि पावसाच्या टक्क्यांवर गिरवलेला असला तर कदाचित आठवेल, एवढ्या अंधुक आशेवर ते पान ठेवलं आहे.

पुस्तिका वापरायची रीत सोपी आहे. शाळेत वर्गमूळ शिकलेल्या कुणालाही ती जमेल. ज्यांना वर्गमूळ विसरायला झालं आहे त्यांच्यासाठी मोबाइल आहेच. प्रत्येक पानावर एक बातमी आहे आणि तिच्यातल्या आकड्याशेजारी तीन रिकाम्या ओळी सोडल्या आहेत: कशापैकी, कोणी मोजलं, कोण सुटलं. पेन्सिलीने भरा, म्हणजे खोडता येईल. काही ओळी शेवटपर्यंत रिकाम्या राहतील, कारण बातमीत ते लिहिलेलंच नसतं. त्या अंदाजाने भरू नका, तशाच राहू द्या.